बावीस सहाशे

पूर येणाऱ्या गावची माणसं
बॅग भरायला कुणाकडून शिकत नाहीत.
चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका,
आयर्विनवरच्या आकड्याबरोबर आमचं सामान माडीवर चढतं:
आधी कागद, मग औषधं, मग गॅसची टाकी,
देव शेवटी. ते हलके असतात.

तरी लाइपझिशला जायचं ठरल्यावर
शर्वरीनं यादी पाठवली, एकोणतीस कलमांची.
विमा. विम्याचा कागद. त्या कागदाचा फोटो.
पासपोर्टच्या झेरॉक्स तीन: एक माझ्या पर्समध्ये,
एक यांच्या बॅगेत, एक इथंच, रेहानाकडं.
पासपोर्ट हरवलाच तर वकिलातीचा नंबर.
"वकिलात कशाला?" हे म्हणाले,
"आपण काय भांडायला चाललोय?"

डॉक्टर आरवाड्यांनी गोळ्यांची खरी नावं लिहून दिली,
कंपनीची तिकडं चालत नाहीत म्हणे.
अकरा वर्षं सकाळची पांढरी, रात्रीची गुलाबी
म्हणून गिळत आलो,
त्यांना एवढी लांब नावं होती!

मला पेनिसिलिन चालत नाही.
ते जर्मनमध्ये कसं सांगायचं
हे शर्वरीनं देवनागरीत पाठवलं:
इश बिन आलेर्गिश.
तांदूळ निवडता निवडता पाठ केलं.
मग हेच म्हणाले, "अगं, पण तू शुद्धीवर नसलीस तर?"
वाक्य बदलावं लागलं.
माइने फ्राऊ इस्ट आलेर्गिश.
आता ते यांनी म्हणायचं,
आणि हे म्हणतात ते यार्डातल्या आवाजात,
हळदीच्या सौद्याला उभं राहिल्यासारखं.
शेजारचं पोर खिडकीतून विचारतं,
"आजोबा, कितीला गेली?"

चौतीस वर्षं तोलार होते.
बॅग एका हातानं उचलली, डोळे मिटले,
"बावीस सहाशे."
मी तरी रद्दीवाल्याच्या काट्यावर टाकून आले.
बावीस सहाशे.
तेवीसपर्यंत चालतं. चारशे ग्रॅम शिल्लक.
"तासगावचे बेदाणे घालते," म्हटलं.
"थांब," म्हणाले,
आणि खिशातून घडी काढली.

जुन्या हिशेबपट्टीची पाठकोरी बाजू.
वर तारीख. खाली, पट्टीवर करायचे तशी, पूर्ण सही.
मधे तीन ओळी:
मला तिथं काही झालं तर तिथंच उरकावं.
पेटीतून आणण्याचा खर्च करू नये.
शर्वरीनं रडून झाल्यावर जेवावं.

मी दोनदा वाचलं.
"कृष्णामाई?" विचारलं.
"ती काय, घरातच येऊन गेलीय की," म्हणाले,
"तिला माहितीये मी कोण."
"आणि मला काही झालं तर?"
"तुझं तू लिही."
पेन घेतलं. "मला" एवढं लिहिलं,
कुकरची तिसरी शिट्टी झाली.
तो कागद अजून डाळीच्या डब्याखाली आहे.

यांची घडी मात्र ठेवली,
त्या चेनच्या जाड प्लॅस्टिक पिशवीत.
सात-बारा, एलआयसी, लग्नातला एक फोटो
हिच्यातच वाचले होते त्या वर्षी.
कितीही धुवा, चेनच्या दातांत
गाळाची एक करडी रेघ राहतेच.
विमानतळावर कुणी विचारलं तर काय सांगू?
जर्मनमध्ये गाळाला काय म्हणतात
ते यादीत नाही.

रात्री चावी द्यायला वर गेले.
रेहाना मुजावर, दुसरा मजला,
पाण्याला अजून न पोचलेली.
तुळस, मीटरचं बिल, दुधवाला, सगळं सांगून झालं.
ती म्हणाली, "भाभी, काळजी करू नका,
तिकडं एकशे बारा लावायचा."
मी म्हटलं, "ते झालं गं.
जुलै आहे. धरणातून सोडायला लागले
आणि आयर्विनवर पस्तीस झाले,
चाळीसची वाट बघू नकोस,
मला फोन कर.
तिथं किती वाजलेत ते बघायचं नाही."