जामीन

पंधरा ऑगस्ट, शुक्रवार, सकाळचे साडेसहा.
रुवीच्या डोंगरांवर ऊन आत्ताच तव्यासारखं बसलंय.
चौघांत एक टॅक्सी. ड्रायव्हर हमूद विचारतो,
आज तुमची ईद?
हो म्हणालो. स्वातंत्र्याची.
त्याने अर्धा रियाल कमी घेतला
आणि काच खाली करून म्हणाला, मुबारक.

दूतावासाच्या अंगणात वारा नव्हता.
दोरी ओढली, पाकळ्या पडल्या,
झेंडा मात्र काठीला चिकटून राहिला, घामेजल्या सदऱ्यासारखा.
मी एसीचा मेकॅनिक.
वारा किती खटपटीने येतो, मला ठाऊक आहे.
आम्ही तसंच गायलो, मान वर करून,
डोळ्यांत ऊन घेऊन.

आजोबा आठवले.
शांतवन भिंगारदिवे, शेवगावकडच्या एका मिशनचे घंटावाले.
त्या मध्यरात्री त्यांनी इतकी घंटा वाजवली
की दोराने तळहात सोलले.
सकाळी घडा घेऊन गावविहिरीवर गेले
तर पाणी वरूनच ओतलं गेलं, नेहमीसारखं,
सोललेल्या ओंजळीत.
हे ते हसत सांगायचे.
म्हणायचे, स्वातंत्र्य दिल्लीहून निघालंय रे,
पायी येतंय.

त्याच आठवड्यात, रविवारी,
प्रभुभोजनाचा प्याला त्यांच्या ओठांना लागला
आणि न पुसता पुढे गेला,
दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंकडे.
तेवढंच सांगताना मात्र ते हसायचे नाहीत.

माझा पासपोर्ट अकरा महिने
मालकाच्या लोखंडी कपाटात होता.
माझं नाव, माझा फोटो, माझे तीन सिंह,
आणि किल्ली दुसऱ्याच्या कमरेला.
आई गेली तेव्हा मी वादी कबीरच्या खोलीत
भिंतीकडे तोंड करून बसलो होतो.
मग इथल्याच एका खिडकीत
शहापूरकर नावाच्या बाईंनी अर्ज वाचला,
चष्मा वर केला, फोन उचलला.
तीन दिवसांनी पासपोर्ट माझ्या हातात,
कडेला चहाचा डाग पडलेला.
देश देश म्हणतात तो मला असा भेटला,
फोनवर आवाज चढवून बोलणारा.
म्हणून त्या चिकटलेल्या झेंड्याला मी
जरा जास्तच वेळ सलाम करत उभा होतो.

दुपारी चर्चच्या आवारात आमची वेळ दोन ते साडेतीन.
आधी तमिळ, नंतर फिलिपिनो,
मधे आम्ही तेवीस मराठी माणसं
आणि रत्नमालाताईंच्या डब्यातली शेंगदाण्याची चिक्की.
जागा इथल्या राजाने दिलेली.
भिंतीपलीकडे अजान झाली की आम्ही सूर खाली घेतो,
संपली की पुन्हा उचलतो.

पाळक ओहोळ म्हणाले,
इथे ज्याला कफील म्हणतात
त्याला आपल्या शास्त्रात शब्द आहे, जामीन.
सगळे हसले.
ते हसू कफील असलेल्यांनाच येतं.
मग ते म्हणाले,
पण या जामिनाने तुमचे कागद ठेवून घेतले नाहीत,
स्वतःचे दिले.
हसू हळूहळू विझलं.
मागच्या बाकावरच्या सुमंतने
खिशातलं बताका कार्ड चाचपलं,
का ते त्यालाही सांगता आलं नसतं.

मी डोळे मिटले.
काय मागायचं ते आठवेना.
नुसतंच आभार, आभार,
गंजलेल्या पुलीसारखं एकाच जागी फिरत राहिलं.

तेवढ्यात एसी बंद पडला.
तेवीस माणसांच्या प्रार्थनेत एकदम उकाडा शिरला.
मी शिडी लावली, बूट काढले.
जॉबकार्ड नाही, सही नाही, फोरमन नाही.
फिल्टरवर वर्षाची धूळ,
ओमानची, कोकणातून आलेल्या पत्र्याच्या पेट्यांची,
आमच्या सगळ्यांच्या श्वासांची.
कॉइलची पाती बोटांना लागली, थोडं रक्त आलं.
हात शांतवनचेच आहेत, कळून चुकलं.

खालून कुणीतरी म्हणालं,
आला. वारा आला.

दाराशी फिलिपिनो मुलं गिटार घेऊन उभी होती.
आमची वेळ संपली होती.
घाईघाईने शिडी मिटली.