एकशे ऐंशी मिलिसेकंद

धनकवडीच्या टाकीखालच्या खोलीत
कुदळेंनी वही पुढे सरकवली.
"तुमचं यंत्र रोज थोडं कमी सांगतंय मॅडम.
लबाड नाहीये ते. पण मधेच डोळा मिटतंय."

भोसरीहून इथवर यायला दोन तास लागले होते,
मी हसायच्या मनःस्थितीत नव्हते, तरी हसले.
शाळेची शंभर पानी वही, मलपृष्ठावर पाढे,
आत पेन्सिलीनं:
चावी उघडली चार चाळीस. बंद सात दहा.
पट्टीवर नऊ फूट उतरलं.

लॅपटॉप व्हॉल्व्हच्या चाकावर टेकवून
मी स्मृतीचा आलेख उघडला.
करवतीचे दाते.
चढ, चढ, चढ, आणि कडा.
पुन्हा चढ.
प्रत्येक कड्याच्या पायथ्याशी
एकशे ऐंशी मिलिसेकंद
कोणीच घरी नव्हतं.

आम्ही ज्या भाषेत लिहितो
तिच्यात नुसतं मागायचं असतं,
परत करायचं नसतं. म्हणून तर घेतली ती.
मागून एक झाडणारा येतो.
काय मोलाचं, काय फुटकळ, तो विचारत नाही,
एवढंच बघतो: याचा हात कुणी धरलाय का?
नसेल धरलेला, तर उचल.
मोठ्या मशीनवर तो पावलांचा आवाज होऊ देत नाही.
इथे चौसष्ट किलोबाईट,
त्यातही भाषेनं आधीच आपला संसार मांडलेला.
उरली एक खोली, एक दार.
झाडू मारायचा तर सगळ्यांनी बाहेर उभं राहायचं.

पाणी बाहेर उभं राहत नाही.

आणि कचरा माझाच होता.
दर दहा लिटरला मीटरचा एक ठोका,
दर ठोक्याला मी एक नवी ओळ जन्माला घालत होते,
तारीख, वेळ, आकडा, सगळं चिकटवून,
सुबक,
कोणी कधीच न वाचलेली.
सेकंदाला दहा.
नवव्या सेकंदाला घर भरायचं,
झाडणारा यायचा,
आणि तेवढ्यात एक मोठी बादली निघून जायची.
अडीच तासांत हजार बादल्या.
खालच्या गल्ल्यांत लोकांनी त्या भरल्या, सांडल्या,
भांडी घासली त्यांच्यात,
माझ्या हिशेबात त्या वाहिल्याच नव्हत्या.

"दरसाल नवी वही मिळते?" मी विचारलं.
"कोण देतंय! हीच.
महिना संपला की बेरीज मुकादमाला,
मग खोडरबर. त्याच पानावर पुढचा महिना."
पानं खरंच पातळ झाली होती,
उजेडाला धरली तर
कितीतरी उन्हाळे एकावर एक.

मधलं एक पान मात्र तसंच.
चौदा तारीख. चार चाळीसच्या पुढे काही नाही.
मी बोट ठेवलं.
"ते असू द्या," कुदळे म्हणाले,
आणि वंगणाचा डबा शोधू लागले,
जो त्यांच्या पायाशीच होता.

त्या रात्री ऑफिसात मी त्यांच्यासारखं केलं.
सुरू होतानाच एकदा मागून घेतल्या
एकशे अठ्ठावीस जागा,
आणि पुढे तोंडातून "नवं" हा शब्द काढला नाही.
शेवटची जागा भरली की पहिलीवर,
खोडून, त्याच पानावर.
पहाटे तीनला आलेख पाहिला.
पठार.
झाडणारा दाराशी आला असेल, नसेल,
उचलायला काही नव्हतं.

तीन आठवड्यांनी पुन्हा धनकवडी.
यंत्राचा आकडा आणि वहीचा आकडा
पट्टीच्या एका रेघेत बसले.
"मग आता वही बंद?" मी म्हटलं.
कुदळे पेन्सिलीला ब्लेडनं टोक काढत होते.
उत्तर आलं नाही.
चार चाळीसला त्यांनी चाक फिरवलं,
पडद्यावर आकडे धावायला लागले, एकही न चुकता,
त्यांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही.
कान पाइपाला लावून उभे होते.