समास

शिंगेत्तीतल्या आमच्या ग्रंथघराची किल्ली लाकडाची आहे,
दात असलेली, हातभर लांब.
वडील ती कमरेला नाही, बाहीत ठेवतात.
वाळू उंबऱ्याशी येऊन बसते,
उधारी मागायला आल्यासारखी, रोज.
मी तिला झाडूने परत पाठवते.
आत शेळीच्या कातड्यात बांधलेली पानं,
आणि वाळवी, जिला व्याकरण आणि वैद्यक
सारखंच गोड लागतं.

एका पानावर सावल्यांचं कोष्टक आहे.
कोणी अब्दुल वदूद, मशिदीची वेळ राखणारा,
महिन्यामागून महिना, पावलांत मोजलेलं ऊन.
नियम सोपा: दुपारची सावली वजा जाता
उरलेली तुमच्याएवढी झाली, की असरची वेळ.
आणि माणूस आपल्याच पावलांनी किती उंच?
त्याने लिहिलं: सहा.
नऊ वर्षं त्या सहावर अजान झाली.

मग समासात तांबडी शाई. अक्षर बारीक होत जातं.

"आज विहिरीवर मेंढ्या पाजणारी तिस्लेम म्हणाली,
बाबा, तुमची हाक येते तेव्हा
माझी सावली अजून माझ्याएवढी झालेली नसते.
मी म्हणालो, तुला मोजता येत नाही.
घरी आलो. घास गिळेना."

खाली चाळीस नावं.
पाणक्या, कातडं कमावणारा, काझी, काझीचा गुलाम,
एक बाळंतीण (तिची तिच्या आईने मोजली),
एक आंधळा हाफिज, ज्याने विचारलं,
सावली गार असते ना? मग मला कळते.
प्रत्येकाची उंची, ज्याच्या-त्याच्या पावलांनी.
कोणी साडेसहा, कोणी जवळजवळ सात.
सहा कोणीच नाही.
तो स्वतःसुद्धा नाही.

"सहा मी उस्तादांकडून ऐकलं होतं," तो लिहितो,
"वाकून पाहिलं नव्हतं.
शुक्रवारी सगळ्यांना सांगितलं. कोणी हसलं नाही.
तिस्लेमच्या बापाने उंटिणीचं दूध पाठवलं."

त्यानंतर नुसत्या रेघा.
वेळेआधी पढलेल्या एकेका असरसाठी एक,
पुन्हा पढून, दिवसाला एक,
म्हणजे आणखी नऊ वर्षं.
तीन हजारांच्या वर आहेत. मी दोनदा मोजल्या,
दोन्ही वेळा आकडा वेगळा आला.
शेवटच्या रेघा वाकड्या आहेत, म्हाताऱ्या.

आणि अगदी कडेला, दुसऱ्याच कुणाच्या हातच्या,
जुन्या कसीद्यांच्या चालीतल्या दोन ओळी:
"तळ उठला, चुलीचे तीन दगड काळे राहिले.
कोण गेलं ते विचारू नकोस, राखेत हात घालून बघ."
त्याच्या बायकोच्या असाव्यात, वडील म्हणतात.
का, ते सांगत नाहीत.

भाऊ नुआकशोतला भौतिकशास्त्र शिकतो.
सुट्टीत आला, फोनवर सरासरी काढली,
सहा आणि दोन तृतीयांश.
"चाळीस नमुने," तो म्हणाला, "वाईट नाही."
मग रेघांवरून बोट फिरवत गेला
आणि बराच वेळ काही म्हणाला नाही.

मागच्या थंडीत एक गिऱ्हाईक आलं होतं.
कोष्टक हवं, पण तांबडं नको,
समास कापून द्या, भिंतीवर नीट दिसेल.
वडिलांनी त्याला तीन पेले चहा पाजला,
तिसरा सगळ्यात गोड,
आणि किल्ली बाहीत सरकवली.

आज दुपार कलल्यावर मी अनवाणी अंगणात गेले.
वाळू अजून चटके देत होती.
टाचेला अंगठा लावत सावलीच्या डोक्यापर्यंत,
माझ्याच पावलांनी,
एक, दोन, चार, सहा.
वडिलांचा वजू झाला होता,
कोपरांवरून पाणी ठिबकत होतं.
मी म्हटलं, थांबा, अजून थोडं.

ते थांबले.