अकरा नंबर

एक लांब, तीन आखूड.
सकाळी सव्वासातला डबा शिट्या मारतो
आणि पडदा काळाच राहतो.
भिंतीपलीकडून खुटवडकाकू विचारतात,
कुकर का गं?
नाही काकू, ग्राफिक्स कार्ड.
बरं, म्हणतात त्या, मग गॅस बंद कर.

हे कार्ड मी घेतलं तापकीर गल्लीत,
जिन्याखालच्या दुकानात, अठराशेला.
रियाज तांबोळीने दोन हजार सांगून दोनशे सोडले
आणि वॉरंटीचं विचारल्यावर
गल्लीच्या वळणाकडे बोट दाखवलं:
तिथपर्यंत.

पंख्याच्या मागे मार्करने लिहिलंय ११.
कुठल्यातरी बंद पडलेल्या गेमिंग कॅफेतली
अकरावी खुर्ची.
उघडलं तेव्हा आत धुळीची गादी,
शेंगदाण्याचं एक साल,
आणि सिगरेटचा वास,
दोन दिवस माझ्या बोटांवर राहिलेला.
किती पोरं मेली असतील या कार्डावर,
आणि उठून पुन्हा लढली असतील
तासाला वीस रुपयांनी.

मी त्याच्याकडून स्वयंपाकघरं काढून घेते.
वाकड, बाणेर, पुनावळे,
ज्या फ्लॅटांत कधी पाय ठेवला नाही
तिथल्या ट्रॉल्या, तिथले ओटे,
चिमणी, चिमणीखालचा पिवळा उजेड.
ग्रॅनाइटला चकाकी द्यायची वेळ आली
की अकरा नंबरला घाम फुटतो.
आधी एक हिरवी रेघ, करवतीसारखी दातेरी,
मग ओट्यामागच्या टाइल्सवर गुलाबी-जांभळे ठिपके,
कुणी बीट चिरून हात झटकावा तसे.
मग सगळं थिजतं.
माउसचा बाणसुद्धा.

काय नाही केलं.
ड्रायव्हर काढला, जुना टाकला,
त्याहून जुना टाकला.
सोनेरी दातांवरून भाचीचा खोडरबर फिरवला,
अजून डब्यातून स्ट्रॉबेरीचा वास येतो.
रॅम उपटून बसवली. केबल बदलली.
वाळलेली पेस्ट खरवडली,
पिठल्याच्या खरवडीसारखीच निघाली ती,
नवी लावली मोहरीएवढी.
कुणी म्हणालं, ओव्हनमध्ये भाज,
झाळ पुन्हा धरते.
माझ्याकडे ओव्हन नाही.
ओव्हन मी फक्त काढते.

शेवटी रियाजला फोन.
तो हसला नाही. पॉवर सप्लाय कुठला, विचारलं.
डब्यासोबत फुकट आलेला.
थोडा वेळ गप्प.
मग म्हणाला, मॅडम, पळवू नका त्याला.
घड्याळ उतरवा.
चालतंय ना, चालू द्या.

शंभर मेगाहर्ट्झ उतरवले. आणखी पन्नास.
कार्ड एका अंगाला कलत होतं,
खाली दोऱ्याचं रिकामं रीळ उभं केलं.
डब्याचं दार उघडं, समोर टेबलफॅन,
वारज्यातला एप्रिल, दुपारचे तीन,
मी मात्र घामाने निथळत.
आणि ओटा चकाकला.
अख्खा.
टाइल्स पांढऱ्याशुभ्र, एक ठिपका नाही.

तेवढ्यात पुनावळ्याच्या बाफनाबाईंचा फोन.
परवा घाईत बिघडलेलंच चित्र गेलं होतं त्यांना.
मी माफीची वाक्यं जुळवत होते
आणि त्या म्हणत होत्या,
घरात सगळ्यांना आवडली ती ठिपक्यांची टाइल,
सासूबाईंना सुद्धा.
कुठे मिळेल?

टिंबर मार्केटच्या आसपासची चार दुकानं पालथी घातली.
तशी टाइल कुणी करत नाही.
पाचवा म्हणाला, छापून देऊ,
डिझाइन आणा.

आता रात्रीचे साडेअकरा.
अकरा नंबर एका सुरात फिरतोय,
शहाण्यासारखा,
आणि मी मोबाइलवरचं ते चित्र मोठं करकरून
एकेक ठिपका हाताने ठेवते आहे
जिथे जिथे तो चुकला होता तिथे.
ठिपके जमतायत.
हिरवी रेघ काही केल्या तशी येत नाही.
फार नीट येते.