एक्केचाळीस नंबर

उद्यमनगरात आमच्या शेडात
एक मशीन आहे, हिरव्या पडद्याचं.
ते फ्लॉपीशिवाय कुणाचं ऐकत नाही.
बनवणारी कंपनी बुडाली, तिचा एजंट
आता कागलला दूध डेअरी चालवतो,
फोन केला की आधी म्हशींचं सांगतो.

म्हणून मी ड्राइव्ह जमवतो.
जुन्या बाजारात कॉम्प्युटरची मढी उघडून
किलोच्या भावानं तीन आणले:
एक चालू, एक कधीतरी चालू,
एक नुसता स्क्रूंसाठी.
स्पिरिटच्या बोळ्यानं त्यांची हेडं पुसतो,
तान्ह्याचा कान पुसावा इतकं हळू,
तरी भट्टीकडची काळी वाळू
कुठून आत शिरते कोण जाणे.

फ्लॉप्यांवर लेबलं दस्तगीरच्या हातची.
'मगदूम, जयसिंगपूर, इंपेलर, सहा पाती.'
'पुली. आधी मागची उधारी घे.'
आणि एक्केचाळीसवर,
सीपीआरला दाखल व्हायच्या आदल्या संध्याकाळी लिहिलेलं:
'हिला हात लावू नको, मी येतो.'

दस्तगीर शिकलगार. माझा भागीदार.
त्याचा आजा गावोगाव सुऱ्यांना धार लावत हिंडायचा.
हा प्रोग्रॅम लिहिताना मधेच मशीन थांबवायचा,
एक ओळ टाकून,
इंग्रजी अक्षरांत मराठी.
काम अर्ध्यात आलं की पडद्यावर उमटायचं:
चहा पी. पात थंड होऊ दे.
बटण दाबेपर्यंत मशीन पुढं सरकायचं नाही.
अजूनही सरकत नाही.
तो जाऊन सहा वर्षं झाली.

परवा प्रणित पुण्याहून आला.
खिशातून नखाएवढं काहीतरी काढलं.
'बाबा, सगळा डबा ह्यात मावतोय,
वर ढीगभर जागा उरती.'
रात्री एकेक फ्लॉपी घालत बसला.
कर्र, टक्, टक्, कर्र.
म्हातारं माणूस कुणाचं नाव आठवताना
जीभ टाळूला लावतं, तसा आवाज.
चाळीस उतरल्या.
'ही एक उघडत नाही. टाकू?'

शालन चहा घेऊन दारात उभी.
तिनंच ती, दस्तगीर गेला त्या आठवड्यात,
घरी नेली होती.
भावजींचं अक्षर, वाळूत पडायला नको म्हणून
फ्रिजच्या दारावर लावली,
जोतिबाच्या मॅग्नेटखाली.
चांगली महिनाभर.
तीस वर्षं शेडातल्या पोरांना ओरडत आलो,
चुंबकाजवळ फ्लॉपी नेशील तर कान उपटीन.
आणि मी रोज फ्रिज उघडायचो,
पाणी प्यायचो,
ते अक्षर बघायचो.

मॅग्नेटनं गेली की वयानं,
आता सांगता येत नाही.

'काय झालं ओ?' शालन म्हणाली.
'काही नाही. जुनी झाली.'
प्रणितला म्हटलं, ठेव डब्यात, चाळीसच्या मागं.
'उघडत नाही, बाबा.'
म्हटलं, ठेव.

तिच्यातलं काम मागायला
अजून कुणी गिऱ्हाईक आलेलं नाही.
पंपाचं असेल, गुऱ्हाळाच्या चरकाचं असेल.
अर्ध्यात थांबवून तो काय सांगणार होता
तेही तिच्यातच.

आज मगदूमचा जॉब लावला.
प्रणितनं बसवलेलं नवं खोकं बिनआवाजी,
वाचतंय की नाही तेच कळत नाही.
चौथ्या पातीपाशी स्पिंडल थांबलं.
हिरव्या पडद्यावर ओळ आली, होती तशी.
कूलंटचे थेंब ट्रेमध्ये पडत राहिले.
मी स्टूल ओढून बसलो.

नवं पोरगं धावत आलं.
'मालक, मशीन थांबलंय.'
म्हटलं, दिसतंय.
जा, टपरीवर सांगून ये.