आठवी ओळ

क्लाक्सविकच्या बंदरावर पहाटेचे पावणेचार.
मासळी-लिलावाचा सर्व्हर पुन्हा धापा टाकतोय.
रान्वा लोकरी मोज्यांतच खुर्चीत बसते,
काळ्या पडद्यावर तीन अक्षरांची आज्ञा देते.

प्रोसेसर: शंभरातले अठ्ठ्याण्णव.
मेमरी: चिमूटभर,
बरणीच्या तळाला चिकटलेल्या मिठाएवढी.

सहाला बोटी लागतील. कॉड, हॅडक.
भावाचा फलक उजळला नाही तर
म्हातारा हेरलुव काही बोलणार नाही,
नुसता खडू शोधेल,
आणि फळ्यावर आकडे लिहील, सावकाश.
ते जास्त झोंबेल.

कोण खातंय एवढं?
लिलाव नव्हे. हवामान नव्हे.
बर्फखोलीचा तापमापक तर बिचारा
कोपऱ्यात एक टक्का धरून बसलेला.
मग एकच नाव,
एकाखाली एक, चारशे बारा वेळा:
मार्चमध्ये तिनंच लिहिलेली सात ओळींची स्क्रिप्ट.
दर मिनिटाला उठायचं, विचारायचं,
किती मेमरी उरली?
उत्तर लिहायची फाइल कुलपात अडकलेली,
म्हणून सगळ्या दाराशी ताटकळत,
प्रत्येकीच्या हातात तोच प्रश्न.

कुंपणच शेत खातंय की गं,
असं तिच्या भाषेत जे काही म्हणतात
ते ती मोठ्यानं म्हणते, आणि हसते.
चारशे बाराही एका ओळीत मारते.
पंखा उतरतो.

आठवी ओळ जोडते:
आधीची आत असेल तर
तू परत जा.

आणि फोनवर, बोटीवरच्या मुलाला लिहिलेलं
तिसरं 'कुठवर आलास?'
न पाठवता पुसते.

मोजे ओले आहेत. कशानं, कोण जाणे.