एकच सीट

होटगी रोडच्या शेडमध्ये पहिल्यांदा पाहिलं
तेव्हा त्याच्या अंगावर कापड नव्हतं.
नुसत्या लाकडी फासळ्या,
आणि मधोमध एकच सीट, जेवायच्या पाटाएवढी.
कोनापुरे सर म्हणाले, "नरसय्या,
सुती लागेल, घट्ट विणीचं. बाहेरून मागवलं
तर विमानापेक्षा कापड महाग."

बाबांनी चादरींचा एक माग रिकामा केला.
मोर नाही, वेल नाही, काठ नाही,
दोन महिने नुसतं कोरं पांढरं.
आई तेलुगूत म्हणाली,
हे पांघरणार कोण?

मग मेणाचा दोरा, हातभर सुई.
बाबा पंखाच्या वर, मी खाली उताणी.
सुई आली की ओढायची, परत वर ढकलायची,
दर दोन बोटांवर गाठ.
अकराशे सोळा. सहावीच्या वहीत
मागच्या पानावर अजून आहेत.
वर डोपचे पाच हात दिले,
डोकं दुखेपर्यंत वास,
आणि टिचकी मारली की पंख हलगीसारखा बोलायचा.

इंजिन नव्वद घोड्यांचं, घोडे म्हातारे.
रविवारी ते चढत राहिलं, चढत राहिलं,
लोकांचे शेंगदाणे संपले.
सर म्हणायचे, उंची म्हणजे भिशी,
थोडी थोडी भरायची, एकदम उचलायची.
उचलली.
नाक खाली, तारांची शिट्टी,
मग वर, अजून वर, पाठीवर
आणि टोकाला इंजिन खोकलं, गप्प झालं.

उलटं असताना त्याला पेट्रोल पोचत नाही.
सरांना माहीत होतं. विमानालाही.
मला नव्हतं.
पलीकडच्या ज्वारीतली गोफण ऐकू आली.
माझी नजर पंख्यावर,
बाबांची पंखावर.

खाली येता येता वाऱ्यानंच पंखा फिरवला.
नंतरच्या गिरक्या मी मोजल्या नाहीत.

उतरल्यावर सगळे सरांकडे धावले.
सर घामाघूम, म्हणाले, "काय करू नरसय्या,
एकच सीट आहे, नाहीतर तुला..."
बाबा डाव्या पंखाला कान लावून टिचक्या मारत होते.
पाचव्या फासळीशी थांबले.
"इथली गाठ सैल आहे," म्हणाले,
"हिची असणार. उद्या उसवू."

घरी जाताना लुनावर आम्ही तिघं.
मी पुढे, सुयांचा डबा पोटाशी धरून,
कोणाशी बोलले नाही.